‘इंजेक्शन दिलंय’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की सोलापुरात घरोघरी पिल्लं येतात. कुणी पग आणतं, कुणी लॅब्रेडोर, शेतावर राखणीला कारवान येतो, आणि गल्लीतलं एखादं पिल्लू पोरं पिशवीत घालून आणतात ते वेगळंच. शाळा उघडेपर्यंत त्यातली काही पिल्लं उलट्या आणि रक्ताची हगवण लागून दगावतात. घरचे सांगतात, ‘गॅस्ट्रो झाला.’ बहुतेक वेळा तो पार्व्हो, म्हणजे आतड्यावर घाला घालणारा विषाणूचा आजार असतो. लसीचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : “इंजेक्शन दिलंय की!” कोणतं दिलं, कितव्या आठवड्यात दिलं, टोचण्याआधी ते कुठे ठेवलं होतं आणि पुढचं कधी आहे, हे विचारलं की मात्र घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून आम्हा पशुवैद्यकांचा हा पत्रप्रपंच.

रेबीजची लस वेगळी आणि पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या आजारांची एकत्रित लस वेगळी. एकत्रित लशीत डिस्टेंपर (ताप, खोकला आणि पुढे झटके आणणारा आजार), पार्व्हो, अ‍ॅडिनोव्हायरसमुळे होणारा यकृताचा दाह आणि पॅराइन्फ्लुएंझा (खोकल्याचा विषाणू) यांच्यापासून संरक्षण असतं. उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची (लेप्टोची) लस बहुधा तिच्यासोबतच येते. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ ही नावं तिचीच. त्यातला आकडा घटकांचा आहे, ताकदीचा नाही. नऊवाली सातवालीपेक्षा भारी, असा हिशेब करू नये. अनेक घरांत फक्त रेबीजची सुई झालेली असते. ती माणूस स्वतःच्या भीतीपोटी देतो. कुत्र्याच्या जिवासाठीची राहून जाते.

वेळापत्रक असं. एकत्रित लशीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू असताना, त्यानंतर दर तीन ते चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतरच. लेप्टोची लस आठ आठवड्यांच्या आत देत नाहीत. तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. आपल्याकडे रेबीजचा धोका मोठा असल्याने तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस देणं चांगलं. एकत्रित लशीचा बूस्टर, म्हणजे संरक्षण पक्कं करणारा डोस, सहा महिन्यांचं झाल्यावर किंवा फार तर वर्षाच्या आत.

लोक विचारतात, की तीन-तीनदा का टोचता, एकदाच जोरदार डोस का देत नाही? याचं उत्तर आईच्या दुधात आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू जे घट्ट पिवळसर दूध पितं, त्यातून त्याला आईची प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारी प्रथिनं मिळतात. ती पिल्लाला आजारापासून वाचवतात, पण लशीतल्या विषाणूलाही तितक्याच इमानाने मारून टाकतात. दर दहा दिवसांनी त्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको : नळाला पाणी यायची पाळी लांब असते आणि पिंप तळाला गेलेलं असतं, तसे मधले काही दिवस येतात. आईकडून मिळालेला साठा आजार अडवायला पुरत नाही, पण लस निकामी करायला अजून पुरतो. पार्व्हो नेमका तेव्हाच गाठतो. कोणत्या पिल्लाचं पिंप कोणत्या आठवड्यात रिकामं होईल, हे बाहेरून दिसत नाही. आईला लस झालेली होती का, त्या पिल्लाच्या वाट्याला किती दूध आलं, यावर ते अवलंबून असतं. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो.

म्हणजे हे तीन डोस एकावर एक चढवलेले मजले नव्हेत. ते एकाच दारावर तीन वेळा वाजवलेली कडी आहे. कोणत्या तरी एका वेळी दार उघडतं. सोळाव्या आठवड्यापर्यंत जवळपास सगळ्या पिल्लांमधला आईचा साठा संपलेला असतो, म्हणून शेवटचा डोस सगळ्यांत मोलाचा. आणि नेमका तोच बुडवला जातो, कारण तोवर पिल्लू धष्टपुष्ट दिसायला लागलेलं असतं. दोन डोस होऊन तिसरा चुकलेलं चार महिन्यांचं पिल्लू पार्व्होने आजारी पडलं, की दोष लशीला दिला जातो.

वयाचीही एक गफलत होते. पिल्लू लवकर खपावं म्हणून विकणारे महिन्याच्या पिल्लाला ‘पंचेचाळीस दिवसांचं’ सांगतात. दात पाहिले की खरं-खोटं बऱ्यापैकी कळतं. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फुटायला लागतात, आणि दोन महिन्यांच्या सुमारास दुधाचे अठ्ठावीस दात पूर्ण होतात. विकणाऱ्याने हातात ठेवलेल्या कार्डावर ‘पहिला डोस दिला’ असं लिहिलेलं असेल, पण बाटलीचं लेबल चिकटवलेलं नसेल, पशुवैद्यकाची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर तो डोस झालाच नाही असं धरून चाला.

आणखी एक. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी लस दिली आणि चौथ्या दिवशी हगवण लागली, की “इंजेक्शननेच आजार झाला” असा बोभाटा होतो. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे ते पिल्लू बहुधा जिथून आणलं तिथूनच आजार घेऊन आलेलं होतं. लशीला काम करायला दिवस लागतात. आत शिरलेल्या चोराला ती त्याच रात्री पकडू शकत नाही.

आता थंडाव्याबद्दल, कारण आपल्या गावात हा मुद्दा दुय्यम नाही. या सगळ्या लशी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. औषध दुकानातून बाटली घ्यायची, खिशात टाकायची, वाटेत दोन कामं उरकायची आणि ओळखीच्या माणसाकडून घरीच टोचून घ्यायची, हा प्रकार सर्रास चालतो. एकत्रित लशीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो; उन्हात तो मरतो. बाटली दिसायला तशीच, रंग तोच, वास तोच. टोचलेलं असतं ते निव्वळ पाणी. रेबीजच्या लशीची तऱ्हा उलटी : तिच्यातला विषाणू आधीच मारलेला असतो, पण ती गोठली की बिघडते. म्हणून बाटली बर्फाला चिकटवून नेणं किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणं हेही चूकच. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्यावर कापडाची घडी आणि त्यावर बाटली, असं न्यावं. त्याहून बरं म्हणजे पिल्लालाच दवाखान्यात न्यावं. तिथला फ्रीज फक्त लशींसाठी आहे का, आत तापमापक आहे का, लाईट गेल्यावर काय सोय आहे, हे विचारायला संकोच करू नका. जो डॉक्टर नीट काम करतो, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

लस देताना तुम्ही समोरच असता, तेव्हा थोडं लक्ष द्या. एका बाटलीत पांढरी सुकी वडी असते, दुसरीत द्रव. दोन्ही तुमच्यासमोर मिसळलेलं असावं आणि मिसळल्यावर अर्ध्या तासाच्या आत टोचलेलं असावं. सकाळी कालवून संध्याकाळपर्यंत पुरवायची ती वस्तू नव्हे. मात्रा बहुतेक लशींची एक मिलिलिटर, मग कुत्रा पॉमेरेनियन असो की ग्रेट डेन. ‘लहान आहे, अर्धीच द्या, उरलेली शेजारच्याला’ हा काटकसरीचा मार्ग दोघांनाही संरक्षणाविना सोडतो. कातडीवर स्पिरिटचा बोळा थबथबीत फिरवायचीही गरज नसते. स्पिरिट जिवंत लशीचं नुकसान करू शकतं. टोचून झाल्यावर बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते.

दिवस कोणता निवडावा? जनावर खात-पीत असेल, हगवण नसेल, ताप नसेल असा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप आला असं नाही. जंताचं औषध आठवडाभर आधी झालेलं असलं तर उत्तम. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर निघा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला भर दुपारी रिक्षातून आणलं तर लशीपेक्षा उष्माघाताचीच धास्ती मोठी. गाभण मादीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत. तिचं लसीकरण गाभण राहण्याआधी उरकावं.

टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड-डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या होणं, असं क्वचित घडतं, पण घडलं तर पहिल्या काही मिनिटांत उपचार हवेत. एक-दोन दिवस मलूल राहणं, कमी खाणं, टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ येणं यात घाबरण्यासारखं काही नाही. गाठ काही आठवड्यांत विरते. विरली नाही किंवा वाढत गेली तर दाखवा. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : अंग गरम लागतं म्हणून मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

मांजरांबद्दल आपण एकूणच बेफिकीर आहोत. ‘ते घरातच असतं, त्याला कशाला?’ मांजराचा पॅनल्युकोपेनिया हा आजार पार्व्होच्याच कुळातला. त्याचा विषाणू चपलेच्या तळाला लागून घरात येतो, मांजराला उंबरा ओलांडावा लागत नाही. उलट्या, ताप, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास, असं पिल्लांच्या बाबतीत होतं. त्याची लस हर्पिस आणि कॅलिसी या सर्दी-तोंड येण्याच्या विषाणूंसोबत एकत्र मिळते. वेळापत्रक कुत्र्यासारखंच : सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीज तीन महिन्यांनंतर. लस देऊनही मांजर शिंकतं, अशी तक्रार येते. ती खरी आहे. हर्पिसचा विषाणू एकदा शिरला की जन्मभर राहतो आणि मांजराला ताण आला की डोकं वर काढतो. लस संसर्ग पूर्ण अडवत नाही, आजाराची धार बोथट करते. मांजराला आणताना पोत्यात घालू नका. जाळीच्या टोपलीत, वरून ओढणी टाकून आणा, म्हणजे ते ओरबाडत नाही.

ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथे दुसऱ्याच आठवड्यात ‘पोरं रडतात म्हणून’ नवं पिल्लू येतं, आणि तेही जातं. हा विषाणू फरशीच्या सांध्यांत, अंगणाच्या मातीत कित्येक महिने, अगदी वर्षभरही टिकतो. फिनाइलला तो दाद देत नाही (आणि फिनाइल मांजरांना विषारी असतं, ते वेगळंच). सोडियम हायपोक्लोराइट असलेलं घरगुती ब्लीच लागतं : एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी घाण साबणाने धुऊन काढायची, कारण घाणीवर ओतलेलं क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. मग द्रावण ओतून दहा मिनिटं फरशी ओलीच राहू द्यायची. जुनं अंथरूण, पट्टा, प्लास्टिकचं भांडं टाकून द्यायचं. अंगणाची माती मात्र धुता येत नाही. अशा घरात पुढचं पिल्लू आणायचं असेल तर लशीचा पूर्ण क्रम झालेलंच आणावं.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून लेप्टोचं दोन शब्दांत. उंदराच्या मुतातून हा जिवाणू साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत येतो. कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड निकामी करतो, आणि कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होतो. धान्याची गोदामं, किराणा दुकानं, जनावरांचे गोठे, उसाची शेतं जिथे आहेत तिथल्या कुत्र्यांना ही लस हवीच. तिची ताकद सुमारे वर्षभरच टिकते. दोन डोसांतलं अंतर धरलं तर पाऊस लागण्याआधी महिनाभर सुरुवात करावी लागते.

दरवर्षी सगळंच टोचावं लागतं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आमच्या धंद्याच्या सोयीचं नाही. पिल्लूपणीचा क्रम आणि वर्षाचा बूस्टर नीट झाला असेल, तर डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरसची प्रतिकारशक्ती किमान तीन वर्षं टिकते; दरवर्षी त्याची गरज नाही. लेप्टो आणि रेबीज मात्र दरवर्षी. मधली तारीख चुकली तर घाबरून सोडून देऊ नका. मोठ्या कुत्र्याचा पूर्वेतिहासच माहीत नसेल, तर एकत्रित लस आणि लेप्टोचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोबत रेबीज, अशी नव्याने सुरुवात करता येते.

रेबीजबद्दलचे समज तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो, हा त्यातला सर्वांत घातक. पाण्याची ती भीती माणसाच्या रेबीजमध्ये दिसते. पिसाळलेला कुत्रा पाणी प्यायला जातोही. शिवाय प्रत्येक पिसाळलेला कुत्रा चावत सुटत नाही. मुक्या प्रकारात तो कोपरा धरतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकलं असेल म्हणून घरचा माणूस प्रेमाने तोंडात हात घालतो. तसं करू नका. असा कुत्रा एका खोलीत बंद करून पशुवैद्यकाला बोलवा.

चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा. चुना, हळद, तिखट, काहीही भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. कातडी फाटली असेल, रक्त आलं असेल, तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते मागून घ्या. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती आजही ऐकू येते. ती मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस देशात २००४ सालीच बंद झाली. आता चार-पाच वेळा सुई, तीही दंडावर. कुत्र्याला लस झालेली आहे एवढ्यावर स्वतःची लस टाळू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, आणि त्यासाठी तो जिवंत हवा. रागाच्या भरात त्याला मारून टाकलं की तो पुरावाही जातो. मांजराच्या चाव्याला आणि ओरखड्यालाही हाच नियम.

राहिली भटकी कुत्री. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार धरलेल्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्याला मूळ जागी सोडतात. खूण म्हणून कानाला खाच पाडतात. ती खाच एवढंच सांगते, की या कुत्र्याला एकदा लस मिळाली होती. यंदाची लस झाली की नाही, हे कान सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार कुत्र्यांतल्या रेबीजची साखळी तोडायला सत्तर टक्के कुत्र्यांना लस हवी, आणि तीही दरवर्षी. वर्षभरात जुनी कुत्री मरतात, नवी जन्मतात, लस घेतलेल्यांचा वाटा घसरत जातो. पुढच्या फेरीपर्यंत तो फार खाली जाऊ नये म्हणून सुरुवात सत्तरने करायची. वर्षभर तुरळक कुत्री धरून हे जमत नाही. गोव्याने वस्ती-वस्ती फिरून, जाळीने कुत्री धरून दरवर्षी हे काम केलं, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

महापालिकेकडे मागणी एवढीच, की २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला एक शिबिर आणि एक फोटो यावर वर्ष भागवू नये. प्रभागनिहाय, दोन-तीन आठवड्यांत आटोपणारी मोहीम घ्यावी. पहाटे, रस्त्यावर गर्दी होण्याआधी पथक निघावं. रोज खाऊ घालणारी माणसं सोबत घ्यावीत. त्यांच्या हाताला बरीच कुत्री सहज येतात, उरलेल्यांसाठी जाळी. लस दिलेल्या कुत्र्याच्या पाठीवर काही दिवस टिकणाऱ्या रंगाचा पट्टा ओढावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत फिरून रंगाची किती, बिनरंगाची किती हे मोजावं; सत्तर टक्के गाठले की नाही हे त्यातूनच कळतं. तीन महिन्यांच्या आतली पिल्लंही वगळू नयेत, सामूहिक मोहिमेत त्यांनाही लस देतात. आणि हे काम दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आत उरकावं. तेव्हा हवा थंड असते, लशीच्या पेटीतला बर्फ दुपारपर्यंत टिकतो, आणि हिवाळ्यातल्या पिल्लावळी एका जागी, आईजवळ सापडतात.

आपले,
पाळीव प्राण्यांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक, सोलापूर